नवागत विधिमंडळ सदस्य

विधिमंडळाच्या एखाद्या सभागृहावर पहिल्यांदाच निवडून आलेला आणि पहिली मुदत अद्याप पुरी न झालेला सदस्य. व्याख्या सरळ दिसत असली, तरी तिच्या कडा धूसर आहेत. प्रांतिक विधिमंडळात अनेक वर्षे काढून संसदेत आलेला सदस्य कामकाजाच्या दृष्टीने फारसा नवखा नसतो. पोटनिवडणुकीतून मुदतीच्या मध्यावर आलेल्याला बरोबरीच्या नवख्यांची सोबत मिळत नाही. आणि मध्ये पराभव पत्करून परतलेल्याला कोणी नवागत म्हणत नाही. प्रस्तुत नोंदीत सभागृहाच्या कामकाजाचा पूर्वानुभव नसलेला सदस्य अभिप्रेत आहे.

सदस्यत्व निवडणुकीने मिळते, पण सभागृहातील आसन शपथेने मिळते. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ९९ व १८८ नुसार शपथ घेतल्याखेरीज किंवा प्रतिज्ञा केल्याखेरीज सदस्याला स्थानापन्न होता येत नाही. तसे केल्यास अनुच्छेद १०४ व १९३ अन्वये दर दिवसाला ५०० रुपये दंड सांगितला आहे. ही निव्वळ औपचारिकता नव्हे. ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहावर, म्हणजे कॉमन्स सभेवर, १८८० साली निवडून आलेल्या चार्ल्स ब्रॅडलॉ या नास्तिक सदस्याला शपथेच्या वादापायी, वारंवार निवडून येऊनही, १८८६ पर्यंत निर्वेधपणे आपली जागा घेता आली नव्हती.

दिनक्रम : सभागृहाची बैठक चालू असताना आणि नसताना सदस्याचा दिवस अगदी वेगळा असतो. बैठकीच्या दिवशी कामकाजपत्रिका वाचणे, पक्षाच्या बैठकीला जाणे, प्रश्नोत्तरे, समितीचे काम आणि भेटीला आलेल्या मतदारांचे अर्ज ऐकणे यांत वेळ जातो. उरलेले दिवस मतदारसंघाचे. नवागताला सर्वांत आधी जाणवते ती संधीची टंचाई. लोकसभेत तोंडी उत्तरासाठी दिवसाला २० तारांकित प्रश्न घेतले जातात आणि त्यांचा क्रम सोडतीने ठरतो. किमान १५ दिवस आधी सूचना द्यावी लागते, सोडतीत नाव यावे लागते, वरचा क्रमांक मिळावा लागतो, आणि प्रश्नोत्तरांचा तास संपण्यापूर्वी आपल्या प्रश्नाची पाळी यावी लागते. एवढे सगळे जुळले, तर मंत्र्यांना पूरक प्रश्न विचारता येतो. कॉमन्स सभेत तर बसण्याच्या जागेचीच वाण आहे : सदस्य ६५०, आसने सुमारे ४२७. प्रार्थनेच्या वेळी हजर राहून आसनाच्या पाठीवरील खोबणीत आपल्या नावाचे कार्ड खोचणाऱ्यालाच त्या दिवसापुरती जागा राखून ठेवता येते. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात ज्येष्ठ सदस्यांनी पसंतीची कार्यालये निवडल्यावर उरलेल्या कार्यालयांसाठी नवागत चिठ्ठ्या उचलतात.

पहिले भाषण : पूर्वसूरींचा आदराने उल्लेख करावा, मतदारसंघाचा परिचय द्यावा, वादग्रस्त विषय टाळावा आणि त्या बदल्यात इतरांनी भाषणात अडथळा आणू नये, असा संकेत कॉमन्स सभेत व तिच्या परंपरेतील अनेक सभागृहांत आढळतो. हा संकेत पुरातन मानण्याची प्रवृत्ती आहे. मात्र ती काळजीपूर्वक तपासायला हवी. ७ डिसेंबर १८३७ रोजी, पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले बेंजामिन डिझरायली यांचे पहिले भाषण आरडाओरडा करून पाडण्यात आले, यावरून अडथळा न आणण्याचे संरक्षण निदान त्या वेळी तरी दृढ झालेले नव्हते असे दिसते. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे एफ. ई. स्मिथ यांनी १९०६ साली कॉमन्स सभेतील पहिल्याच भाषणात प्रतिपक्षावर जोरदार हल्ला चढवून नाव कमावले. तेव्हा वादग्रस्तता टाळण्याचा भागही बंधनकारक नव्हता. संकेताचे आजचे रूप बहुधा विसाव्या शतकात घडले असावे.

प्रेरणा : या विषयावरील अभ्यासाचा आरंभ सामान्यतः अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ जेम्स डेव्हिड बार्बर यांच्यापासून धरतात. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्याच्या प्रतिनिधिगृहात १९५९ च्या अधिवेशनात आलेल्या नवागतांचा त्यांनी अभ्यास केला व १९६५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सभागृहातील सक्रियता आणि पुन्हा येण्याची तयारी या दोन कसोट्यांवर त्यांनी चार प्रकार पाडले. दोन्ही अधिक असलेले ‘कायदेकर्ते’. सक्रिय पण परतण्यास फारसे उत्सुक नसलेले, ओळखी व नाव मिळवून आपल्या व्यवसायात पुढे जाऊ पाहणारे ‘जाहिरातकर्ते’. निष्क्रिय पण सभागृहाच्या सहवासात रमणारे ‘प्रेक्षक’. आणि कोणीतरी गळ घातली म्हणून कर्तव्यबुद्धीने आलेले ‘अनिच्छुक’. ही मांडणी स्वभावावर, विशेषतः स्वतःविषयीच्या भावनेवर, फार भार देते. शिवाय अर्धवेळ चालणाऱ्या व अल्प मानधनाच्या विधिमंडळातून ती निघाली आहे, आणि अशा ठिकाणी ‘अनिच्छुक’ सदस्य आढळणे स्वाभाविकच होते.

राज्यशास्त्रज्ञ डेव्हिड मेह्यू यांनी १९७४ मध्ये उलट टोक गाठून पुनर्निवड हेच एकमेव उद्दिष्ट गृहीत धरले. रिचर्ड फेनो यांनी पुनर्निवड, सभागृहातील वजन व चांगले धोरण अशी तीन उद्दिष्टे सांगितली होती. डोनाल्ड सीअरिंग यांनी १९७० च्या दशकारंभी ब्रिटिश सदस्यांच्या मुलाखतींवरून मागच्या बाकांवरील (म्हणजे मंत्रिपद किंवा पक्षातील अधिकारपद नसलेल्या) सदस्यांच्या चार भूमिका काढल्या : धोरणाचा पुरस्कर्ता, मंत्रिपदेच्छू, मतदारसंघसेवक आणि सभागृहातच रमणारा. प्रेरणा व संस्थेचे नियम यांचा एकत्र विचार करणारी सीअरिंग यांची ही दृष्टी अधिक ग्राह्य वाटते, कारण नियम बदलले की प्रेरणाही वळतात. मेक्सिकोत १९३३ पासून लागोपाठ पुनर्निवडीला बंदी होती. त्यामुळे सदस्याचे पुढचे पद मतदारांपेक्षा पक्षनेत्यांच्या हाती राहिले व सदस्याचे लक्षही तिकडेच वळले. २०१४ च्या घटनादुरुस्तीने ही बंदी उठली. भारतात ५२ व्या घटनादुरुस्तीने (१९८५) आलेल्या दहाव्या अनुसूचीनुसार पूर्वपरवानगीशिवाय पक्षादेशाविरुद्ध मतदान करणारा किंवा गैरहजर राहणारा सदस्य, पक्षाने १५ दिवसांत ते माफ न केल्यास, अपात्र ठरू शकतो. प्रतोदाचा पक्षादेश हाती पडल्यावर स्वतंत्र मत बाळगणाऱ्या नवागताला ते बोलून दाखवायला मुख्यतः पक्षाची अंतर्गत बैठकच उरते, आणि तेथील बोलणे अभिलेखात येत नाही.

उमेदवारीचा (म्हणजे शिकाऊपणाचा) संकेत : नवागताने ऐकावे, शिकावे व गप्प राहावे, ही अपेक्षा अमेरिकी सिनेटच्या अलिखित संकेतांपैकी एक म्हणून राज्यशास्त्रज्ञ डोनाल्ड मॅथ्यूज यांनी १९६० मध्ये नोंदवली, पुढील दोन दशकांत ती ओसरली. संख्येने मोठा गट एकदम आला, की ज्येष्ठतेची घडी कशी विस्कटते हे अमेरिकी प्रतिनिधिगृहात १९७५ साली दिसले. आदल्या वर्षीच्या निवडणुकीतून आलेल्या सुमारे ७५ डेमोक्रॅटिक नवागतांनी समित्यांच्या अध्यक्षांना आपल्यासमोर येऊन बोलायला लावले, आणि त्यानंतर पक्षाच्या सदस्यांनी तिघा ज्येष्ठ अध्यक्षांना पदावरून दूर केले.