घुंगरांचे पट्टे आणि चिंध्यांचे अंगरखे : मॉरिस नृत्याची पार्श्वभूमी

मॉरिस या इंग्लंडमधील लोकनृत्याचा सर्वांत जुना ज्ञात लेखी उल्लेख हिशेबाच्या नोंदीत सापडतो : लंडनच्या सोनारांच्या संघाने १९ मे १४४८ रोजी मॉरिस नर्तकांना सात शिलिंग दिले. ‘मॉरिस’ हे नाव ‘मूरिश’, म्हणजे मूर लोकांचे (उत्तर आफ्रिका व स्पेनमधील मुस्लिमांचे), या शब्दावरून आले असे बहुतेक अभ्यासक मानतात. हे नृत्य ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वीच्या शेतीविधींचा अवशेष आहे, ही कल्पना आजही लोकप्रिय असली तरी तिला कागदोपत्री आधार नाही. उपलब्ध नोंदींत ते आधी दरबारात आणि श्रीमंतांच्या मेजवान्यांत दिसते आणि नंतर गावोगावच्या जत्रांत उतरते.

पोशाखातली घुंगरे मात्र खरोखरच जुनी आहेत. विनोदी नट विल केम्प याने १६०० साली लंडन ते नॉर्विच हे अंतर नऊ दिवसांच्या नाचात पार केले, मधली विश्रांती धरून त्याला काही आठवडे लागले. त्या प्रवासाच्या पुस्तिकेवरील लाकडी ठशाच्या चित्रात त्याच्या गुडघ्यांखाली घुंगरे बांधलेली आहेत आणि शेजारी ढोलकिया चालतो आहे.

सतराव्या शतकात प्युरिटन, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती, राजवटीत या नृत्यावर गदा आली, १६६० नंतर ते पुन्हा सुरू झाले, पण एकोणिसाव्या शतकात गावांचे जीवनच पालटले आणि नर्तकांचा एकेक संघ मोडत गेला. २६ डिसेंबर १८९९ रोजी ऑक्सफर्डजवळच्या हेडिंग्टन येथे संगीतशिक्षक सेसिल शार्प यांनी पांढरे कपडे, फिती, नडगीवर घुंगरांचे पट्टे आणि हातांत काठ्या व रुमाल असलेले नर्तक पाहिले. खरे तर हा नाच व्हिट्सनच्या, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडच्या सणाचा. पण थंडीमुळे बांधकाम बंद पडून हातचे काम गेले होते, म्हणून ही माणसे चार पैसे मिळवायला बाहेर पडली होती. त्यांचा कॉन्सर्टिना (भात्याचे छोटे हातवाद्य) वाजवणारा विल्यम किंबर याच्याकडून शार्प यांनी चाली लिहून घेतल्या. पुढे १९०५ साली किंबरने लंडनमध्ये समाजसेविका मेरी नील यांच्या क्लबातील शिवणकाम करणाऱ्या मुलींना हे नृत्य शिकवले. पुनरुज्जीवनाचे पहिले पाय अशा रीतीने कष्टकरी मुलींचे होते, आणि तरीही पुढे अनेक दशके मॉरिस म्हणजे पुरुषांचेच नृत्य असे ठासून सांगितले गेले, हे मला अन्यायाचे वाटते. स्त्रियांना १९७५ साली स्वतःचा वेगळा महासंघ उभारावा लागला.

पांढरा वेश ऑक्सफर्डच्या पश्चिमेकडील कॉट्सवोल्ड भागातला. वायव्य इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरणी-गावांत लाकडी तळाचे बूट घालून नाचतात, तर वेल्सच्या सीमेलगत रंगीत चिंध्या शिवलेले अंगरखे घालतात. या सीमाभागात चेहरा काळा रंगवण्याचीही रीत होती. ती ओळख लपवण्यासाठी होती असे काही जण सांगतात, पण एकोणिसाव्या शतकातील कृष्णवर्णीयांची नक्कल करणाऱ्या रंगमंचीय खेळांचा तिच्यावरील प्रभाव नाकारता येत नाही. २०२० साली तिन्ही राष्ट्रीय मॉरिस संघटनांनी संपूर्ण चेहरा काळा रंगवणे सोडण्याचा निर्णय घेतला, आणि तो योग्यच होता. त्यानंतर अनेक संघ हिरवा किंवा निळा रंग लावू लागले. अंगरख्यावरच्या चिंध्या आणि पायांतली घुंगरे तशीच राहिली.