एकोणसाठची गिटार आणि तिची महागडी जुळी बहीण

गिब्सन कंपनीच्या १९५९ सालच्या ‘लेस पॉल’ या इलेक्ट्रिक गिटारच्या खुंट्या जपून पिळाव्या लागतात. त्यांची प्लास्टिकची टोकं मूळची मोत्यासारखी चमकदार. पण ते प्लास्टिक वर्षानुवर्षं आक्रसत जातं, काळवंडतं आणि एखाद्या दिवशी तार लावता लावता बोटांत भुगा होऊन येतं. लाखो डॉलरच्या वस्तूची ही अवस्था. गंमत म्हणजे नव्या प्रतींवर बसवायला हीच टोकं मुद्दाम आक्रसलेली, पिवळट अशीही विकत मिळतात.

या नव्या प्रतींना रीइश्यू म्हणतात. त्याच कंपनीने, त्याच मापांनी, शक्य तितक्या त्याच पद्धतीने पुन्हा केलेली जुनी गिटार. १९५९च्या लेस पॉलची अशी प्रत घ्यायची तर हजारो डॉलर मोजावे लागतात, वर आयातशुल्क वेगळं. अस्सल जुनी हवी असेल तर आकड्याला आणखी दोन शून्यं लावण्याची तयारी ठेवायची. गिटारवाल्यांच्या कोणत्याही अड्ड्यावर हा वाद हमखास रंगतो: अस्सल मिळत नाही तर रीइश्यू घ्यावी का? तिच्यात ‘तो’ आवाज येतो का?

पहिली गोष्ट, ही गिटार तिच्या काळात पडेल माल होती. मिशिगनमधल्या कॅलमझू गावातल्या कारखान्यात १९५८ ते १९६० या काळात लाल-पिवळ्या सनबर्स्ट रंगाच्या साधारण दीड हजार लेस पॉल तयार झाल्या, सुमारे अडीचशे डॉलर किमतीच्या. गिऱ्हाइकाने पाठ फिरवली, म्हणून कंपनीने हा आकारच बंद करून १९६१ पासून दोन शिंगांची पातळ गिटार आणली. साठच्या दशकाच्या मध्यावर एरिक क्लॅप्टन, पीटर ग्रीन अशा इंग्लंडमधल्या ब्लूज वाजवणाऱ्यांनी या जुन्या, कोणाला नको असलेल्या गिटारी मोठ्या अॅम्प्लिफायरला जोडून कर्कश होईपर्यंत तापवल्या, तेव्हा अमेरिकेला आपण काय टाकून दिलं ते कळलं. १९६८ मध्ये गिब्सनला लेस पॉल पुन्हा सुरू करावी लागली. फेंडर या दुसऱ्या गिटार कंपनीची कथा थोडी वेगळी आहे (१९६५ मध्ये लिओ फेंडर यांनी कंपनी सीबीएस या प्रसारण कंपनीला विकली, म्हणून त्याआधीच्या गिटारी ‘अस्सल’), पण वळण तेच.

आता आवाजाकडे. मिरजेचा तंबोरा डोळ्यांपुढे आणा. तारेचा कंप घोडीतून तबलीत उतरतो, तबली आणि भोपळा हवा हलवतात, ती हवा आपल्या कानापर्यंत येते. भोपळा फुटला की तंबोरा गेला. भरीव अंगाच्या इलेक्ट्रिक गिटारला भोपळाच नाही. खुद्द लेस पॉल या वादकाने १९४० च्या सुमाराला न्यूयॉर्कमधल्या एपिफोनच्या कारखान्यात चार बाय चार इंची पाइनच्या ठोकळ्याला तारा आणि पिकअप लावून वाजवून दाखवलं होतं. लोकांना ते ध्यान पसंत पडेना, म्हणून त्याने एका गिटारचे दोन अर्धे भाग दोन्ही बाजूंना जोडले. आवाज तोच राहिला आणि लोक खूश झाले. पुढच्या ऐंशी वर्षांचा वाद या एका प्रसंगात आलेला आहे असं मला वाटतं.

तारेखाली असतो पिकअप: चुंबक आणि त्याच्याभोवती गुंडाळलेली तांब्याची तार. पोलादी तार चुंबकाच्या क्षेत्रात थरथरली की वेटोळ्यात तेवढ्याच वेगाने बदलणारा विद्युतदाब निर्माण होतो. हा फॅरेडेचा नियम, दहावीच्या पुस्तकातला. लाकूड काहीच करत नाही असं मात्र नाही. ते तारेकडून ऊर्जा शोषतं, आणि त्यातही जास्त शोषते ती लांब, बारीक, लवचिक नेक, म्हणजे गिटारची मान. नेक ज्या कंप्रतेला स्वतःच डोलते तिथला सूर लवकर मरतो. वादक त्याला ‘डेड स्पॉट’ म्हणतात, आणि जर्मनीत हेल्मुट फ्लायशर यांनी तो मोजूनही दाखवला आहे. पण डेड स्पॉट एकाच कारखान्याच्या, एकाच आठवड्यातल्या दोन गिटारींत वेगवेगळ्या जागी असू शकतो. त्याचा सालाशी संबंध नाही.

साल सांगणारे लोक खरं तर बोलत असतात पिकअपबद्दल. १९५९च्या लेस पॉलमध्ये सेथ लव्हर या गिब्सनच्या अभियंत्याने तयार केलेला हम्बकर आहे: दोन उलटसुलट वेटोळी, त्यामुळे विजेच्या दिव्यांची घूं-घूं आपोआप रद्द. पेटंटचा अर्ज १९५५चा, मंजुरी १९५९ची. त्या काळात खाली ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशी चिकटपट्टी लावत. त्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून नाव पडलं पीएएफ. (नंतर चिकटपट्टीवर पेटंटचा क्रमांक आला तोही वेगळ्याच पेटंटचा, तारा अडकवायच्या पट्टीचा. नकलाकारांना चकवायला की निव्वळ गोंधळ, यावर गिटारवाले अजून चहा संपवतात.)

या पीएएफची खरी खासियत म्हणजे ते एकसारखे नाहीत. प्रत्येक वेटोळ्याला ०.०६३ मिलिमीटर जाडीच्या तारेचे साधारण पाच हजार फेरे द्यायचे, पण मोजणी काटेकोर नव्हती. बॉबिन भरल्यासारखी दिसली की यंत्र थांबवायचं. चुंबक अल्निकोचे, म्हणजे लोखंडात अॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट मिसळलेल्या मिश्रधातूचे, आणि डब्यातून जो हाती येईल तो प्रकार बसवलेला. परिणामी कुठल्या पिकअपचा रोध सात हजार ओहम, कुठल्याचा नऊ हजार. म्हणजे ‘१९५९चा आवाज’ हा एक आवाज नव्हेच. दोन अस्सल गिटारींमधला फरक हा एखादी अस्सल आणि तिची चांगली प्रत यांच्यातल्या फरकाएवढा सहज असू शकतो. मग प्रत नक्की कोणत्या एकोणसाठची?

आणि तो रोध. विक्रेते तो जन्मपत्रिकेसारखा छापतात: ‘८.४ के, गरम पिकअप!’ (‘के’ म्हणजे हजार ओहम, ‘गरम’ म्हणजे जोरात बोलणारा.) तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला ०.३९ टक्क्याने वाढतो. वीस अंशांना आठ हजार ओहम दाखवणारा पिकअप नागपुरात मे महिन्यात, बेचाळीस अंशांना, साधारण ८,७०० दाखवेल. विदर्भातली प्रत्येक गिटार उन्हाळ्यात ‘गरम’ होते, एवढाच त्याचा अर्थ.

आवाजाचा रंग ठरवणारा आकडा दुसराच आहे. वेटोळ्याला प्रेरकत्व (इंडक्टन्स) असतं, गिटारपासून अॅम्प्लिफायरपर्यंतच्या केबलला धारकत्व (कपॅसिटन्स) असतं, आणि दोघं मिळून एक अनुनादी मंडल बनवतात. त्या अनुनादाच्या आसपासचे स्वर उठून येतात, त्याच्या वरचे विझत जातात. पीएएफचं प्रेरकत्व चारएक हेन्री धरा. साध्या केबलचं धारकत्व मीटरला १०० पिकोफॅरडच्या आसपास, आणि पिकअपचं स्वतःचं आणखी शंभरेक. तीन मीटरची केबल लावली तर अनुनाद येतो सुमारे ४,००० हर्ट्झवर. सहा मीटरची लावली की तो घसरतो ३,००० हर्ट्झवर.

हे कागदावरचं गणित मी घरी करून पाहिलं. एका रविवारी दुपारी माझ्या साध्याच, दोन हम्बकरच्या गिटारला आधी छोटी केबल लावली, मग लांब. अॅम्प्लिफायरचं एकही बटण हलवलं नाही. तारेवर नख लागल्याचा तो काचेरी ‘टिण्’ लांब केबलवर जणू घोंगडीखाली गेला. स्वयंपाकघरातून आवाज आला, “दुसरी गिटार काढलीस का?” घरात कोणाला गिटारमधलं काही कळत नाही, म्हणून ही साक्ष मी मोलाची मानतो. फरक होता दोन-तीनशे रुपयांच्या तारेचा.

मग काळाने गिटारमध्ये नक्की काय बदलतं? अल्निको फार टिकाऊ आहे. शेजारी दुसरं जोरकस चुंबक आणलं नाही किंवा फार तापवलं नाही, तर काही दशकांत तो जाणवण्याइतका विझत नाही. जिवंत रसायनशास्त्र चालतं ते पृष्ठभागावर. नायट्रोसेल्युलोज लॅकर पिवळं पडतं, लाकूड ऋतूंबरोबर फुगतं-आकसतं आणि वरच्या ठिसूळ थराला बारीक तडे जातात, जुन्या चिनीमातीच्या बशीसारखे. सनबर्स्टमधला लाल रंग उन्हात उडतो. दुकानाच्या काचेत लटकलेली गिटार लिंबासारखी पिवळी होते, पलंगाखाली पेटीत राहिलेली चेरीसारखी लाल. म्हणजे ज्या रंगांवर संग्राहक जीव टाकतात ते खरं तर कच्च्या रंगाचे दोष. लाकडाच्या पेशीभित्तीतलं हेमिसेल्युलोज हळूहळू विघटित होतं आणि लाकूड हवेतला ओलावा कमी धरू लागतं. हेच काम आता काही तासांत, कमी ऑक्सिजनच्या भट्टीत लाकूड भाजून करतात.

रीइश्यूवाले हे सगळं मुद्दाम करतात. टॉम मर्फी हा कारागीर एके काळी दाढीच्या पात्याने लॅकरवर तड्यांच्या रेषा ओढत असे. त्याच्या नावाची मर्फी लॅब गिब्सनने २०२१ मध्ये काढली. तिथे लॅकरच असं बनवतात की ते तडकावं. नेक बसवायला जनावराच्या कातड्याचा सरस वापरतात, जुन्या प्लास्टिकचं पृथक्करण करून तसंच प्लास्टिक घडवतात. कारागिरी म्हणून मला याचं कौतुक आहे. पण तड्यांचे आणि खरचटण्याचे जे हजारो डॉलर लागतात ते डोळ्यांना आणि हाताला मिळतात, कानाला नाही.

एका ठिकाणी मात्र नक्कल जमत नाही, आणि तो धागा थेट आपल्याकडे येतो. अस्सल गिटारच्या फिंगरबोर्डचं लाकूड म्हणजे ब्राझिलियन रोझवूड. तोड इतकी झाली की १९९२ मध्ये या झाडाचा आंतरराष्ट्रीय व्यापार जवळजवळ बंद करण्यात आला. त्याच्या जागी आला डाल्बर्जिया लॅटिफोलिया, म्हणजे आपला शिसव. सह्याद्रीच्या पानझडी रानातला, जुन्या वाड्यांतल्या पलंग-कपाटांचा. पाच-सहा लाखांच्या अमेरिकन रीइश्यूवर बोटं फिरवताना तुम्ही बहुतेक वेळा भारतीय शिसवावरच ती फिरवत असता. हे कमअस्सल आहे का? इंग्लंडमध्ये लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी फक्त पाठीचं आणि बाजूंचं लाकूड वेगळं असलेल्या सहा अकूस्टिक गिटारी ५२ वादकांच्या हाती दिल्या होत्या. त्यात ब्राझिलियन रोझवूड होतं, आपला शिसव होता, स्वस्तातली लाकडंही होती. लाकूड दिसत नसताना सगळ्यांना जवळपास सारखेच गुण पडले. आणि हे भोपळा असलेल्या वाद्यांचं झालं, जिथे लाकडाला बोलायला वाव असतो.

व्हायोलिनवाल्यांनी तर देवच पालथे घातले. क्लॉडिया फ्रिट्झ आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये इंडियानापोलिसच्या स्पर्धेत २१ वादकांना तीन नवी आणि तीन जुनी व्हायोलिनं दिली. जुन्यांत दोन स्ट्रॅडिव्हेरियस, म्हणजे सर्वांत नावाजलेल्या इटालियन कारागिराची व्हायोलिनं. वेल्डरचे गडद गॉगल घालायला लावले, हनुवटी टेकायच्या जागी अत्तराचा थेंब लावला, म्हणजे जुन्या लाकडाच्या वासानेही ओळखू नये. सगळ्यात कमी पसंती मिळाली ती एका स्ट्रॅडिव्हेरियसला.

तरी किमतीचं काय, असं कोणी म्हणेल. इतके पैसे उगाच कोण देईल? त्याचं उत्तर बाजारच देतो. लेस पॉलचं डोकं सतरा अंशांत मागे झुकलेलं, आणि नेमक्या त्याच अशक्त जागी आत लोखंडी सळीसाठी खाच कोरलेली. स्टँडवरून पडली की मान मोडते. नीट जोडलेल्या मानेची गिटार वाजायला ठणठणीत असते. पण किंमत जवळपास निम्म्यावर येते. पुन्हा रंगवलेल्या गिटारचंही तेच. आत तीच चुंबकं, तीच वेटोळी, आणि अर्धे पैसे गायब. जुनी गिटार विकत घेणारा अल्ट्राव्हायोलेट दिवा लावून लॅकरची चमक तपासतो, मागचं झाकण उघडून बटणांखालचे आकडे वाचतो: १३४५९३२ म्हणजे सेंट्रालॅब कंपनी, १९५९ साल, बत्तिसावा आठवडा. हा सगळा दस्तऐवज तपासण्याचा खटाटोप आहे. दस्तऐवज घ्यायचा असेल तर खुशाल अस्सल घ्यावी, सोन्यासारखी जपावी. वाजवायची असेल तर रीइश्यू तिच्याहून शहाणपणाची: ती प्रवासात नेता येते, पडली तर रडू येत नाही, खुंट्यांचा भुगा होत नाही. मात्र ‘तो’ आवाज विकत घेतोय या समजुतीने पाच-सहा लाख घालत असाल, तर थांबा. प्रेरकत्व, धारकत्व, चुंबक आणि चांगला स्पीकर या गोष्टी त्याच्या दहाव्या हिश्शात येतात.

पीटर ग्रीनच्या एकोणसाठच्या लेस पॉलचंच बघा. दोन्ही पिकअप एकदम लावले की ती नाकातून बोलल्यासारखी, पोकळ वाजते. वर्षानुवर्षं लोकांना वाटायचं, काय लाकूड आहे! कारण निघालं ते नेककडच्या पिकअपमध्ये उलटं बसलेलं चुंबक. दोन्ही पिकअपचे संदेश एकमेकांच्या विरुद्ध जातात, खर्जाचे स्वर कटतात, उरतो तो हा नाकातला सूर. ही गिटार पुढे गॅरी मूर या वादकाकडे आणि मग मेटॅलिका बँडच्या कर्क हॅमेटकडे गेली, आणि २०२३ मध्ये गिब्सनने तिची प्रत काढली, ती खोड हुबेहूब उतरवून. तीच खोड पंचवीस हजारांच्या गिटारमध्येही घालता येते. तारा सैल करून पिकअप बाहेर काढायचा, धातूचं झाकण असेल तर त्याचे सोल्डरचे डाग सोडवायचे, पाठीवरचे चार स्क्रू ढिले करायचे, मधली चुंबकाची पट्टी सरकवून बाहेर घ्यायची, आणि उलटी करून परत आत.