व्हॅनचा कॅम्पर करताना: सुटी सोय वेगळी, गाडीतला बदल वेगळा

जुनी व्हॅन घ्यायची, उद्यमबागेतल्या फॅब्रिकेटरकडून आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी करून घ्यायची आणि चोरलामार्गे गोवा किंवा आंबोलीमार्गे कोकण. बेळगाव-खानापूर-निपाणीकडे असा बेत निघाला की आरटीओचा विषय येतोच, आणि कोणीतरी हमखास म्हणतं, “बोल्टवर बसवून घ्या की, पाहिजे तेव्हा काढता येतंय. मग बदल कसला?”

इथेच गल्लत होते. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की कंपनीने ठरवलेल्या तपशिलाशी आरसीवरचा (नोंदणी प्रमाणपत्रावरचा) तपशील जुळेनासा होईल असा बदल मालकाने करायचा नाही. बदल म्हणजे गाडीचं मूळ वैशिष्ट्यच बदलेल असा रचनेतला फेरफार. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हेच बजावलं. त्यामुळे बोल्ट निघतो की नाही यापेक्षा कागद आणि गाडी जुळतात का, हा प्रश्न मोठा. गादी, घडीचं टेबल, पडदे, बर्फाची पेटी ही सुटी सोय; आरसीला धक्का नाही. मागच्या सीट कायमच्या उतरवल्या तर आसनसंख्या खोटी ठरते. टप उंच केला, चासी वाढवली, बॉडी कापली तर उघड उघड बदल. विनापरवाना अशा प्रत्येक बदलासाठी कलम 182अ खाली मालकाला 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

“कोगनोळीपलीकडे चालतंय”, म्हणजे सीमेपलीकडे महाराष्ट्रात चालतं, हेही ऐकू येतं. महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन (राहायची सोय असलेली गाडी) पर्यटनाचं धोरण आणलं हे खरं, पण कलम 52 केंद्राच्या कायद्यातलं आहे. सीमा ओलांडली म्हणून ते बदलत नाही. उलट कोल्हापूरची एमएच 09 गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवली तर कर्नाटकाचा नंबर घ्यावा लागतो, आणि आत काय केलंय ते त्या वेळी कागदाशी ताडून पाहिलं जाणारच.

खरोखरचा कॅरॅव्हॅन हवा असेल तर त्याला स्वतंत्र मानक आहे, एआयएस-124. बसायची जागा आणि टेबल, झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय, सामानाचे कप्पे असं सगळं त्यात लागतं. मान्यता मिळालेल्या बांधणीची गाडी घेऊन तसं पासिंग करायचं. खर्चिक वाट आहे, पण विम्याच्या दाव्याच्या वेळी निदान कागद तरी बोलतो.

आता गंमत अशी की कायद्याला चालणारी सुटी सोय रस्त्यावर जास्त घातक ठरू शकते. ताशी 60 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ 17 मीटर. गाडी कशावर तरी आदळून थांबली, तरी मागची न बांधलेली पेटी त्याच वेगाने ड्रायव्हरच्या पाठीत येते. आरटीओ टाळायला सगळं सुटं ठेवणारे हे विसरतात. सुटं म्हणजे मोकळं नव्हे; पट्ट्याने, हुकाने आवळून बांधायलाच हवं. शंभर लिटरची टाकी म्हणजे शंभर किलो. ती टपावर चढवून चोरल्याच्या वळणांत शिरू नये. आणि चालत्या गाडीत पलंगावर कोणी झोपायचं नाही, तिथे सीटबेल्ट नसतो.

गॅसच्या बाबतीत मी सरळ नाही म्हणेन. घरगुती 14.2 किलोचा सिलिंडर घरच्या स्वयंपाकासाठी असतो, गाडीसाठी नव्हे. शिवाय हा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर खिडकीतून जात नाही, पलंगाखाली साचतो. त्याला वाट द्यायची तर तळाला भोक पाडावं लागतं, म्हणजे पुन्हा बॉडी कापणं आलं! आंबोलीच्या पावसात काचा लावून आत शेगडी पेटवली तर कार्बन मोनॉक्साइडचा वासही येत नाही. चूल बाहेर, ताडपत्रीखाली.

वायरिंगकडे तर कोणी बघतच नाही. बारा व्होल्टवर 1000 वॅटचा इन्व्हर्टर 80 अँपिअरच्या वर करंट ओढतो. त्याला दिव्याची वायर लावली तर ती तापून पेटते. जाड केबल आणि बॅटरीलगत फ्यूज, या दोन गोष्टींना आरटीओची परवानगी लागत नाही, म्हणून तरी त्या आधी करून घ्या.