किशोरवयातील धूम्रपान, व्हेपिंग आणि मानसिक आरोग्य

सिगारेट किंवा व्हेप (म्हणजे ई-सिगारेट) ओढणाऱ्या किशोरवयीन मुलामुलींत नैराश्य, चिंता, झोपेच्या तक्रारी आणि आत्महत्येचे विचार न ओढणाऱ्यांपेक्षा जास्त आढळतात. अनेक देशांतल्या पाहण्यांत हे दिसून आले आहे, त्यामुळे त्याबद्दल फारसे दुमत नाही. वाद आहे तो आधी काय होते याचा: मन बिघडल्यामुळे मुले ओढू लागतात, की ओढल्यामुळे मन बिघडते?

याचे बरेचसे उत्तर निकोटीनच्या कार्यपद्धतीत सापडते. झुरका घेतल्यावर १० ते २० सेकंदांत निकोटीन मेंदूत पोहोचते, ॲसिटिलकोलीन या रसायनासाठी असलेल्या ग्राहींना, म्हणजे पेशींवरील संदेश घेणाऱ्या जागांना, चिकटते आणि डोपामिन हे सुखाची जाणीव देणारे रसायन स्रवू लागते. मारा वारंवार होऊ लागला की मेंदू अशा ग्राहींची संख्या वाढवतो. रक्तातले निकोटीन सुमारे दोन तासांत निम्म्यावर येते आणि तलफ सुरू होते: चिडचिड, बेचैनी, अभ्यासात लक्ष न लागणे, उदासी. पुढचा झुरका घेतला की हे सगळे ओसरते, आणि ‘सिगारेटने ताण जातो’ अशी ओढणाऱ्याची खात्री पटते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू पॅरट यांनी १९९९ मध्ये नेमक्या याच समजुतीवर बोट ठेवले. त्यांच्या मते गेलेला ताण मुळात तलफेनेच आणलेला असतो. सिगारेट ओढणारा फार तर न ओढणाऱ्याच्या नेहमीच्या मनःस्थितीपर्यंत परत येतो.

किशोरवयात हे चक्र लवकर पक्के होते. निर्णय, संयम आणि भावनांवरचा ताबा सांभाळणारा मेंदूचा पुढचा भाग साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. अमेरिकी डॉक्टर जोसेफ डिफ्रान्झा यांच्या पाहणीत काही मुलांत रोज ओढायला लागण्याआधीच अवलंबित्वाची लक्षणे दिसली. ‘मी कधीमधीच ओढतो’ हा दिलासा म्हणून फारसा भरवशाचा नाही.

व्हेपमुळे यात भर पडली. आजच्या धाटणीची ई-सिगारेट चीनमधील होन लिक यांनी २००३ च्या सुमारास तयार केली. पण किशोरवयीनांत तिचा खरा प्रसार झाला तो निकोटीन क्षारांमुळे. साध्या निकोटीनची मात्रा वाढली की घसा जळतो. त्यात बेंझोइक आम्लासारखे आम्ल मिसळले की वाफ सौम्य लागते आणि नवख्यालाही जास्त निकोटीन सहज पचते. २०१५ मध्ये अमेरिकेत आलेल्या ‘जूल’ या व्हेपच्या पॉडमध्ये (द्रवाच्या छोट्या कुपीत) निकोटीन मिलिलिटरला ५९ मिलिग्रॅम होते, युरोपीय संघात मर्यादा २० मिलिग्रॅमची आहे. शिवाय सिगारेट दहा-बारा झुरक्यांत विझते, वास मागे ठेवते. व्हेपला असा शेवटच नाही. शाळेच्या दोन तासिकांच्या मध्ये, स्वच्छतागृहात, पांघरुणाखाली एखादा झुरका मारता येतो, आणि किती ओढले याचा हिशेब ओढणाऱ्यालाही राहत नाही. अमेरिकेतील हायस्कूलच्या विद्यार्थ्यांत व्हेप ओढणाऱ्यांचे प्रमाण २०१९ मध्ये २७.५ टक्के होते; २०२४ पर्यंत ते ७.८ टक्क्यांवर उतरले.

उलट दिशेचा प्रवाहही तितकाच खरा आहे. नैराश्य, एकटेपणा किंवा अतिचंचलतेचा विकार असलेली मुले तंबाखूकडे अधिक वळतात. जुळ्यांच्या अभ्यासांतून धूम्रपान आणि नैराश्य या दोहोंकडे झुकवणारी काही आनुवंशिकता सामाईक असल्याचे दिसले. मात्र २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, जनुकांच्या आधारे कार्यकारण तपासणाऱ्या अभ्यासाने धूम्रपानामुळेही नैराश्य आणि स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजाराचा धोका वाढत असल्याचे सुचवले. व्हेपबाबतचा पुरावा त्यामानाने कच्चा आहे. बहुतेक पाहण्या एकाच वेळी घेतलेल्या असल्याने त्यांतून संबंध कळतो, कारण नाही.

सोडल्यावर काय होते, हे अधिक स्पष्ट आहे. २०१४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापलेल्या २६ अभ्यासांच्या आढाव्यात सोडणाऱ्यांची चिंता, नैराश्य आणि ताण ओढत राहिलेल्यांपेक्षा कमी झालेला आढळला; यातले सहभागी मुख्यतः प्रौढ होते. पहिला आठवडा मात्र कठीण जातो. बहुतेक त्रास दोन ते चार आठवड्यांत ओसरतो; पण त्या दिवसांतली चिडचिड आणि निद्रानाश घरच्यांना नव्याच मानसिक आजारासारखे वाटू शकतात, आणि मन ‘शांत राहावे’ म्हणून मुलगा पुन्हा ओढू लागतो. उदासी त्यानंतरही टिकली, किंवा आत्महत्येचे विचार येत असले, तर त्याला तलफ समजून वाट पाहायची नसते. तपासणी लगेच हवी.

मानसोपचाराची औषधे चालू असतील तर आणखी एक मुद्दा येतो. तंबाखूच्या धुरातील काही घटक यकृतातील एक विकर (एन्झाइम) जोमाने कामाला लावतात, त्यामुळे क्लोझापिन आणि ओलांझापिन ही औषधे शरीरातून लवकर निघून जातात. सिगारेट अचानक बंद केली की त्याच मात्रेने औषधाची रक्तातली पातळी चढते. हा परिणाम धुराचा आहे, निकोटीनचा नाही; त्यामुळे सिगारेट सोडून व्हेपकडे वळलेल्या रुग्णाच्या बाबतीतही डॉक्टरांना औषधाची मात्रा पुन्हा तपासावी लागते.