ओळखचोरीचा कायदा: चोरी की तोतयेगिरी?

मुक्तीपर्यंत गोव्यात 1886 ची पोर्तुगीज दंड संहिता होती. नंतर नागरी कायदा पोर्तुगीज वळणाचाच राहिला, फौजदारीत मात्र भारतीय दंड संहिता आली आणि दुसऱ्याच्या नावाने फसवणाऱ्याला कलम 419 लागू लागले. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. पानिपतानंतर उपटलेल्या सदाशिवरावभाऊंच्या तोतयाचे प्रकरण ठाऊक असलेल्या मराठीत त्यासाठी नेमका शब्द होताच: तोतयेगिरी.

‘ओळखचोरी’ त्यामानाने कालची. 2000 च्या आयटी कायद्यात ती नव्हती. 2008 ची दुरुस्ती 27 ऑक्टोबर 2009 पासून लागू झाली, तेव्हा 66-सी (ओळखचोरी) आणि 66-डी (फोन वा संगणकावरून तोतयेगिरीने फसवणूक) ही कलमे आली.

घोळ ‘चोरी’ या शब्दातच आहे. चोरीत वस्तू मालकाच्या ताब्यातून जाते, ओळख जात नाही. समजा, फोंड्यातल्या निवृत्त शिक्षिकेचा फोटो लावून कुणी भलत्याच नंबरावर व्हॉट्सॲप उघडले. डिचोलीतल्या भाचीला मेसेज येतो, ‘नंबर बदललाय, वीस हजार पाठव, संध्याकाळी देते.’ भाची पैसे पाठवून मोकळी होते. मावशीचा फोन तिच्या हातात, बँकेतला पैसाही शाबूत.

भाचीची फसवणूक 66-डी मध्ये सरळ बसते. मावशीसाठी उरते 66-सी, म्हणजे दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही, पासवर्ड किंवा ओळख पटवणारे अन्य अनन्य वैशिष्ट्य लबाडीने वापरणे. पासवर्ड किंवा बोटाच्या ठशाबद्दल वाद नाही. पण फोटो आणि नाव ‘अनन्य’ कसे, असे बचावाचा वकील विचारू शकतो. माझ्या मते ते मानलेच पाहिजे, कारण भाचीने विश्वास ठेवला तो त्या चेहऱ्यावर. ‘पैसे तुमचे गेले नाहीत ना?’ म्हणून मावशीला परत पाठवणे अन्यायाचे आहे.

दोन्ही कलमांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. गुन्हा जामीनपात्र. म्हणून जोडीला सात वर्षांचे, अजामीनपात्र 420 लावायची रीत पडली. 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने (गोव्यालाही तेच) संगणकातील माहिती पळवल्याच्या एका प्रकरणात तिला लगाम घातला: तेच कृत्य आयटी कायद्यात पुरते बसत असेल, तर दंड संहितेचे कलम वेगळे चालणार नाही. विशेष कायदा सामान्य कायद्याच्या वर, हे तत्त्व जुनेच. तरी पैसे गमावलेल्या माणसाला आरोपी जामिनावर बाहेर दिसतो, तेव्हा ते पटवून देणे कठीण जाते.

1 जुलै 2024 पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. 420 चे 318(4) झाले, सात वर्षे कायम. 419 चे 319 झाले आणि तीनची पाच वर्षे झाली. 66-डी तीनवरच राहिले. म्हणजे दारात येऊन खोटे नाव सांगणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत, व्हॉट्सॲपवरून तेच करणाऱ्याला आयटी कायद्याखाली तीन.

भाचीला मेसेज आला तो नंबरही अनेकदा कुणा तिसऱ्याच्याच कागदपत्रांवर घेतलेला असतो. तोतयेगिरीने सिम मिळवणाऱ्याला 2023 च्या दूरसंचार कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद, 50 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत.