इसार पावतीला साठेखत म्हणू नका

टपरीवर चहा घेता घेता नवा पोरगा सांगतो, ‘समृद्धीच्या जवळ चार एकर रान आहे माझ्याकडं.’ तुझ्याकडं म्हणजे नेमकं काय, असं विचारलं की खिशातून घडी घातलेला बाँड निघतो. असते इसार पावती, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम दिल्याचा साधा कागद; तो म्हणतो साठेखत, म्हणजे नोंदणी केलेला विक्रीचा करार, आणि घेणाराही मान डोलावतो. जमिनीचा सौदा बांधून पुढच्या गिऱ्हाइकाला देण्याच्या धंद्यात सगळ्यात महाग पडणारी चूक हीच.

दोन्हींत साम्य एवढंच, की दोन्हींनी जमीन तुमची होत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 चं कलम 54 सांगतं की विक्रीच्या कराराने मिळकतीत हक्क तयार होत नाही. खरेदीखत होईपर्यंत मालक तो मालकच. म्हणून ‘माझी जमीन विकणे आहे’ असं पाठवू नका. ‘माझा सौदा झालेला आहे’ म्हणा.

आता फरक. इसार पावती ओट्यावर बसून होते. रक्कम, भाव, मुदत, दोन साक्षीदार, 500 च्या बाँडवर सह्या. बहुतेक वेळा सही एकट्या थोरल्या भावाची; बहिणींची नावं सातबाऱ्यावर असतात आणि त्यांना सौद्याचा पत्ता नसतो. नोंदणी नसल्यामुळं सूची क्रमांक 2 मध्ये, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांच्या सरकारी यादीत, ती दिसत नाही, त्यामुळं त्याच रानाचा दुसरा इसार कुणी घेतला तरी तुम्हाला कळणार नाही. पण कागद अगदी फुकटचा नाही. मालक फिरला तर करार पूर्ण करून मिळावा म्हणून दावा लावताना तो पुरावा म्हणून दाखवता येतो. दावा लावायला मुदत तीन वर्षांची. धंद्यात वर्षानुवर्षं कोर्टात कोण बसणार, हा वेगळा प्रश्न.

साठेखताला दुय्यम निबंधकाकडं जावं लागतं. फोटो, अंगठे, मुद्रांक शुल्क, नोंदणी फी. बहिणी याव्यात म्हणून दोन हेलपाटे होतात आणि तिथंच वाद असेल तर बाहेर पडतो. मला हा त्रास फायद्याचाच वाटतो. एकदा नोंद झाली की ती शोधात सापडते. मालकाकडून मागाहून घेणाऱ्याला ‘मला माहीत नव्हतं’ म्हणणं जड जातं. ताबा घेतलात तर मात्र मुद्रांक खरेदीखताइतका लागतो, म्हणून मधला माणूस सहसा ताबा घेत नाही.

गिऱ्हाइकाला माहिती किती द्यायची, हे याच फरकावर ठरतं. गट नंबर दिला की मालक दिला, कारण महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव आणि गट टाकला की नाव समोर येतं. मी सुरुवातीला अंबडकडचं एक रान दाखवताना पहिल्याच निरोपात सातबाऱ्याचा फोटो टाकला होता. हातात फक्त इसार. चौथ्या दिवशी ती पार्टी मालकाच्या ओट्यावर चहा पीत होती, आणि मालकानं माझा इसार परत केला. वर हसूनही दाखवलं.

तेव्हापासून इसारावर असलो तर आधी गाव, क्षेत्र, रस्त्यापासूनचं अंतर, विहीर-बोअर, एकरी भाव एवढंच सांगतो. गट नंबर माणूस रानात उभा राहिल्यावर. नोंदणीकृत साठेखत असेल, आणि त्यात ‘तुम्ही अगर तुम्ही सांगाल त्याच्या लाभात खरेदीखत करून देईन’ हे वाक्य असेल, तर सगळे कागद पहिल्या दिवशी देतो. मला टाळून घेणाऱ्याला स्वच्छ कागद मिळत नाही. खरेदीखतावर माझी सही ‘मान्यता देणार’, म्हणजे संमती देणारा, म्हणून लागतेच. हे वाक्य नसेल तर साठेखत असूनही तुम्ही अडकू शकता, म्हणून मसुदा वाचल्याशिवाय सही करू नका. वकिलाचा टंकलेखक ते सर्रास गाळतो.

काही गोष्टी मात्र कागद कोणताही असो, लपवायच्या नाहीत. जमीन वर्ग 2, म्हणजे विकण्यावर सरकारी बंधन असलेली, आहे का? मराठवाड्यात इनाम, मदतमाश (उदरनिर्वाहासाठी दिलेलं इनाम), कुळाच्या जमिनी भरपूर; त्यांतल्या बऱ्याच जमिनींचा परवानगीशिवाय व्यवहार होत नाही. ‘वर्ग 1 होऊन जाईल’ असं सांगून भाव वाढवणारे आहेत, त्यांच्यात जाऊ नका. आणि घेणारा शेतकरी आहे का? शेतजमीन बिगरशेतकऱ्याला विकायला हैदराबाद कूळ कायदा, 1950 चं कलम 47 आडवं येतं. पुण्याहून फोन करणाऱ्याला मी पहिला प्रश्न हाच विचारतो, भाव नंतर सांगतो: ‘साहेब, कुठं तरी तुमच्या नावावर सातबारा आहे का?’ निम्मे फोन तिथंच संपतात.