मडगार्डच्या बिडिंगची पार्श्वभूमी

जुन्या मोटारीचे रंगकाम उरकत आले की मडगार्ड आणि बॉडी यांच्या सांध्यात बसणाऱ्या पट्टीची, म्हणजे गॅरेजमध्ये जिला बिडिंग म्हणतात तिची, आठवण होते. खरे तर मोटारीची बॉडी सुट्या भागांतून कशी उभी राहत असे, हे या पट्टीइतके स्पष्टपणे दुसरे काहीच सांगत नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मडगार्ड हा बॉडीचा भाग मानलाच जात नसे. तो बोल्टने जोडलेला स्वतंत्र पत्रा होता. आपटला, चेपला तर तेवढाच बदलता येई, ही सोय होतीच, पण रंगकामाची बाजूही महत्त्वाची होती. 1927 च्या अखेरीस आलेल्या आणि 1931 पर्यंत चाललेल्या फोर्ड मॉडेल ए गाडीचे मडगार्ड काळ्या इनॅमलचे (कडक, चकचकीत रंगाचे), भट्टीत भाजून पक्के केलेले असत, तर बॉडीवर लवकर सुकणाऱ्या नायट्रोसेल्युलोज लॅकर या रंगाचे थर फवारले जात. म्हणूनच निळ्या किंवा हिरव्या मॉडेल एचेही मडगार्ड काळेच दिसतात.

रंगवून तयार झालेले असे दोन पत्रे थेट एकमेकांवर आवळले, तर खडबडीत रस्त्यावर चॅसी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, पिळवटताना ते घासतात, करकरतात, रंग उडतो आणि उघड्या पडलेल्या कडेला गंज धरतो. न दिसणाऱ्या सांध्यांत यासाठी डांबर किंवा मेण पाजलेली सुती पट्टी घालत. दिसणाऱ्या सांध्यासाठी मात्र दोरीभोवती कृत्रिम चामड्याचे कापड दुमडून गोल कडेची पट्टी करत; घोडागाडीच्या गाद्या शिवणाऱ्यांच्या हातातलीच ही पाइपिंगची कला होती. गंमत अशी, की त्या कापडावरचा लेपही बऱ्याचदा नायट्रोसेल्युलोजचाच, म्हणजे बॉडीवरच्या रंगाचा सख्खा भाऊ, असे.

कापडाचा दोष उघड होता. सूत पाणी शोषते, सांध्यात चिखलाचा ओलावा धरून ठेवते आणि ज्या कडा वाचवायच्या त्याच आतून कुजतात. रबर हा सुचण्यासारखा उपाय होता, कारण गंधक घालून रबर टिकाऊ करण्याची चार्ल्स गुडइयर यांची पद्धत 1839 पासूनची. पण उन्हात आणि हवेतल्या ओझोनमुळे नैसर्गिक रबराला भेगा पडतात. पुढे पीव्हीसी हे प्लॅस्टिक आणि 1960 च्या दशकात ईपीडीएम हे कृत्रिम रबर आल्यावर ही अडचण बरीच सरली. आज ‘रबरी’ म्हणून मिळणारी बिडिंग अनेकदा पीव्हीसीचीच असते, हे विकत घेणाऱ्याने जाणून असावे.

दरम्यान सांधाच नाहीसा होऊ लागला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मडगार्ड बॉडीच्या सपाट बाजूंत विरघळले. 1949 ची फोर्ड हे त्याचे ठळक उदाहरण. तरीही ब्रिटनमधील मॉरिस मायनरने (1948 ते 1971) मागचे मडगार्ड बोल्टचेच ठेवले आणि तिच्यावर बेतलेल्या ‘बेबी हिंदुस्थान’ या भारतीय गाडीमुळे हा सांधा भारतीय मिस्त्रींच्याही हाताखालून गेला. फोक्सवॅगन बीटलने तर 2003 मध्ये मेक्सिकोत उत्पादन थांबेपर्यंत चारही मडगार्ड बिडिंगसह बोल्टनेच जोडले.

पट्टी बसवण्याची रीत यातूनच ठरली. गोल कड बाहेर राहते, चपटा भाग आत जातो आणि बोल्टच्या जागी त्याला खाचा असतात. त्यामुळे सगळे बोल्ट आधी सैल लावून पट्टी वरून सरकवता येते, वळणावर चपट्या भागाला त्रिकोणी काप देता येतात आणि कड सगळीकडे सारखी बसली की मगच बोल्ट थोडेथोडे आवळले जातात. रंग दोन्ही पत्र्यांना सुटे असतानाच द्यावा लागतो. पट्टीवरूनच फवारला तर लवचीक पट्टीवरचा थर लवकरच तडकतो. प्रदर्शनात मूळ स्वरूपाला गुण मिळवायचे असतील, तर मॉडेल एला कापडी पट्टीच शोभते. पण पावसाळ्यात रस्त्यावर उतरणाऱ्या गाडीला मात्र पाणी न शोषणारी पट्टीच लावावी, असे माझे मत आहे.